गेल्या वर्षीच्या हाताचं माप

मी एक टच प्रोब बोलतोय. माझं नाव ऐकलं नसेल तर संकोच नको. ज्या घरात मी राहतो, तिथेही सुरुवातीला मला ‘ते टोचायचं यंत्र’ म्हणत होते. मी टोचत नाही, मी टेकतो. एवढंच मला येतं, आणि ते मी इमानानं करतो.

संगणकाच्या हुकमानं लाकूड कोरणारं यंत्र असतं ना, सीएनसी म्हणतात ते, त्याचा मी सोबती. त्या यंत्राला हात असतो, पण डोळे नसतात. समोर लाकूड आहे की हवा, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते मी सांगतो. डबीएवढं गोल धड, त्यातून खाली निघालेली काडी आणि काडीच्या टोकाला लाल गोळा, असा माझा अवतार. गोळा कशाला जरासा जरी टेकला तरी माझ्या आतला एक पाय उचलला जातो, वीज तुटते, अंगावरचा दिवा लागतो आणि यंत्र जागच्या जागी थांबतं. विकणाऱ्यानं त्या गोळ्याला माणिक म्हटलं होतं. खरं-खोटं त्याचं त्याला ठाऊक.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. एकीनं स्प्रिंग बसवली, दुसरीनं तार जोडली, तिसरीनं जांभई देत दिवा लागतो का पाहिलं आणि मला डबीत टाकलं. माझी काडी मधोमध आहे का, हे कुणी तपासलं नाही. महागड्या भावंडांना भिंगाखाली धरून न्याहाळतात म्हणे. स्वस्त वस्तूकडे कोण बघतो. मी थोडा तिरकाच जगात आलो.

मला निवडलं एका बापलेकीनं. तो संवाद मी ऐकलेला नाही, पण पुढे मालकांनी तो इतक्यांदा सांगितला की मला पाठ झाला आहे. लेक सासरहून आली होती आणि दोघं फोनमध्ये डोकं घालून बसले होते.

“बाबा, हा बघा. कारखान्यात असतो तसला.”

“त्याची किंमत बघ. तेवढ्यात दुसरं यंत्र येईल.”

“मग ही नुसती पट्टी घ्या. लाकडावर ठेवायची आणि वरून कटर टेकवायचं.”

“ती उंची सांगते गं. मला वळणं हवी आहेत.”

“मग राहिला हा मधला. पण लोकांनी लिहिलंय, टोक मधोमध नसतं म्हणून.”

“मधोमध मी आणतो. जन्म त्यातच गेलाय. स्प्रिंग फार कडक नाही ना, तेवढं वाच. आणि तार तुटली तर यंत्र थांबतं की तसंच पुढे जातं, तेही बघ.”

“थांबतं म्हणे.”

“मग आण त्याला.”

असा मी या घरात आलो. मालक पूर्वी एका ओतशाळेत लाकडी साचे बनवत. लोखंड ओतायचं तर आधी तीच वस्तू लाकडात हुबेहूब करावी लागते, ते त्यांचं काम. त्यांच्या हाताला डोळे होते, असं जुने सोबती अजून सांगतात. तळवा फिरवला की डोळ्यांना न दिसणारा उंचवटा त्यांना कळायचा. आता ते घरी असत आणि मागच्या पडवीत हे छोटं यंत्र त्यांनी स्वतःच जुळवलं होतं.

आल्या दिवशीच त्यांनी माझा तिरकेपणा काढायला घेतला. मला यंत्रात धरलं, गोळ्याला डायल लावली, हळूहळू फिरवलं आणि अंगावरचे चार बारीक स्क्रू एकेक करून सैल-घट्ट करत बसले. डायलचा काटा जिथल्या तिथे राहीपर्यंत त्यांनी सोडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी एवढा वेळ दिला होता. तेव्हाच मी त्यांचा झालो.

पण त्याच दिवशी मला आणखी एक गोष्ट कळली. स्क्रू त्यांच्या चिमटीतून सारखा निसटत होता. पडला तरी त्यांना समजत नव्हतं, मोकळी चिमूट तशीच माझ्यापर्यंत यायची. मग ते चुंबक फिरवून स्क्रू शोधत. शेवटी त्यांनी मला बोट लावून पाहिलं. प्रोब वापरण्यापूर्वी त्याला बोटानं टेकवून दिवा लागतो का पाहावं, हा या धंद्यातला पहिला नियम. आतला पाय अडकून वीज तुटेनाशी झाली असेल तर यंत्र थांबत नाही आणि माझी काडी मोडते. माणसं बोट लावतात ती अलगद, गोळा लागताच मागे घेतात. मालकांचं बोट दाबतच राहिलं. दिवा लागलेला डोळ्यांनी दिसला, तेव्हा कुठे ते मागे गेलं.

मी स्पर्शावर पोट भरणारा. माझ्यापासून काय लपणार? त्यांच्या बोटांची जाण गेली होती. वर्षानुवर्षांच्या साखरेच्या आजारानं आधी पायांची, मग हातांची. ज्या माणसाचं सगळं भांडवल बोटांच्या टोकांवर होतं, त्याचं नेमकं तेच गेलं होतं. म्हणून तर मला आणलं होतं. माझ्याकडून ते उसना स्पर्श घेणार होते.

हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. लाकूड गुळगुळीत झालं का हे पाहायला ते गालावर घासून बघत. गालाला अजून सगळं कळत होतं. बायको पडवीत आली की लाकूड चटकन खाली येई आणि मालक उगाच दाढी खाजवत.

बायको म्हणजे टेलरबाई. सगळी वस्ती त्यांना त्याच नावानं ओळखे. पुढच्या खोलीत त्यांचं कापायचं मोठं टेबल होतं. शिलाईला दोघीजणी येत, पण कापणं बाईंनी कधी कुणाला दिलं नाही. “शिवण उसवता येते, कापलेलं परत सांधता येत नाही,” असं त्या म्हणत. कापड अंथरून, खडूनं आखून त्यांनी कात्री चालवली की एकदाच घेतलेल्या श्वासात कपड्याची पाठ कापून व्हायची. गिऱ्हाइकं त्या हातासाठी येत.

त्या हाताचे सांधे सुजायला लागले होते. अंगठा तर सकाळी वळेचना. जाड कोटाचं कापड त्या आताशा घेत नव्हत्या, “सध्या वेळ नाही” म्हणून परत पाठवत. वेळ भरपूर होता, बोटं नव्हती. कात्री सुटली की बाईंचं काम सुटणार, आणि काम सुटलं की त्यांच्यात फारसं काही उरणार नाही, हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी ठरवलं, हिच्या मोठ्या कात्रीला हिच्याच मुठीच्या मापाची लाकडी पकड करायची. प्रत्येक बोटाला त्याची त्याची खाच, म्हणजे जोर एका सांध्यावर यायचा नाही. पूर्वी असतं तर डोळे मिटून केली असती. आता ते माझ्या भरवशावर होते.

माप घ्यायचा दिवस मला आठवतो. नळवाले गळती बुजवायला वापरतात ती पुट्टी मालकांनी मळली. मऊ असते, मग बघता बघता दगड होते. कात्रीच्या दोन्ही कड्यांभोवती तिचे गोळे थापले, वर पातळ प्लास्टिक लपेटलं आणि कात्री बाईंच्या हातात दिली.

“घट्ट धर.”

“धरलीय हो. कात्री आहे, पळून नाही जाणार.”

“हलू नकोस.”

“जन्मभर लोकांची मापं घेतली. आज माझंच माप घेणारा भेटला,” बाई म्हणाल्या आणि हसल्या. मालकही हसले. पुट्टी घट्ट होईपर्यंत दोघं तसेच बसून होते. मालकांचा हात बाईंच्या हाताखाली होता, आधाराला.

ती पकड दगडासारखी झाल्यावर मला यंत्रात बसवलं आणि मी तिच्यावर टेकत निघालो. खाली, थांब, वर, थोडं पुढे. पुन्हा खाली. दिवसच्या दिवस तेच. तुम्हाला कंटाळवाणं वाटेल, पण त्या दिवसांइतका मी कधीच सुखात नव्हतो. बाईंच्या मुठीचा कोपरान्‌कोपरा मी पाहिला. अंगठ्याची खोलगट जागा, मधल्या बोटाचा जोर, करंगळी मात्र जेमतेम टेकलेली. त्यांच्या मुलीलाही तो हात माझ्याइतका माहीत नसेल.

आता एक बारकी गोष्ट सांगायला हवी. मी जे सांगतो ते माझ्या गोळ्याच्या वाटेचं वर्णन असतं. वस्तूचा पृष्ठभाग त्या वाटेपासून गोळ्याच्या अर्ध्या जाडीइतका आत असतो. नवशिके हा हिशेब विसरतात. मालकांचा उपाय सोपा होता. माझ्या गोळ्याएवढंच गोल नाकाचं कटर लावायचं आणि मी गेलो त्याच वाटेनं फिरवायचं, की लाकूड आपोआप बरोबर कोरलं जातं. युक्ती नामी आहे. फक्त कटर तेच हवं.

मालकांची कटरं एका पत्र्याच्या डबीत असत. सगळ्यांची दांडी सारखी, फरक फक्त नाकात. दांडीवर आकडा कोरलेला असतो, पण तो भिंगाशिवाय वाचता येत नाही, आणि त्यांनी आयुष्यात कधी वाचला नव्हता. नाक चिमटीत फिरवलं की त्यांना आकार कळायचा. त्या दिवशीही त्यांनी डबीत हात घातला, एक कटर उचललं, चिमटीत फिरवलं, सवयीनं मान डोलावली आणि यंत्रात लावलं.

मी शेजारी डबीत उघडाच पडलो होतो. कटर माझ्यापेक्षा बारीक होतं. मला ते दिसलं, आणि मी काय करणार? दिवा लावण्यापलीकडे मला भाषा नाही, आणि माझी तार तर काढून ठेवली होती.

बारीक नाकानं लाकूड कमी खाल्लं. प्रत्येक खाच दोन्ही बाजूंनी थोडी अरुंद राहिली. केसाहून जास्त, पण डोळ्यांत भरण्याइतकी नाही. मालकांनी वरची उंची मोजली, ती बरोबर आली. मग पकड गालावर घासली, अगदी लोण्यासारखी होती. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांना वाटलं, हात परत आले.

दोन्ही तुकडे कात्रीला बसवून त्यांनी ती बाईंच्या हातात दिली. बाईंनी मूठ वळली. मी तेव्हा टेबलाच्या कडेला होतो, मालक मला दाखवायला घेऊन आले होते, “यानं केलंय सगळं” म्हणत.

“बसली?” मालकांनी विचारलं.

बाई क्षणभर थांबल्या. “अगदी,” त्या म्हणाल्या.

त्यानंतरचे महिने मालक हवेत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला कात्री दाखवत. महागडा प्रोब घ्यायची गरज नाही, स्वस्तातलाच आणा, पण त्याला हातानं मधोमध करा, तार तपासा, आधी बोट लावा, असं पोटतिडकीनं सांगत. बाई ऐकून नुसत्या हसत, आणि जाड कोटाचं कापडही त्या पुन्हा घेऊ लागल्या होत्या. कात्री त्यांच्या टेबलाजवळ खिळ्याला टांगलेली असे, सगळ्यांना दिसेल अशी.

पुढच्या वर्षी गारठा वाढला तेव्हा एका सकाळी मालक माझा गोळा पुसायला मऊ कापड शोधत पुढच्या खोलीत गेले. मी त्यांच्या दुसऱ्या हातात होतो. बाई न्हाणीघरात होत्या. मालकांनी टेबलाचा खण ओढला. आत बाईंची जुनी, लहान कात्री होती. तिच्या कड्यांना चिंध्यांचे थरावर थर गुंडाळलेले, घामानं काळपट पडलेले. पात्यांवर निळे धागे होते. टेबलावर कालच कापलेलं निळंच कापड पडलं होतं.

मालकांनी खिळ्यावरच्या मोठ्या कात्रीकडे पाहिलं. त्यांनी केलेल्या खाचांत बारीक धूळ बसली होती.

बाई आल्या तेव्हा ते तिथेच उभे होते. खण उघडाच होता.

“ही वापरतेस?”

बाईंनी पदराला हात पुसले, उगाच, पुसलेलेच होते. “हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. तुमच्या त्या पकडीत बोटं चिमटतात.”

“मग बोलली का नाहीस? मी दुसरी केली असती.”

बाई खुर्चीवर बसल्या. “काय बोलणार होते? तुमचा चहा उकळता असतो आणि तुम्ही पेला तळव्यात धरून बसता. परवा बोटाला खिळा लागला, रक्त माझ्या कापडावर सांडलं तेव्हा तुम्हाला दिसलं. मला काय कळत नाही होय? तुम्ही एवढं जिवापाड करून आणलंत. चुकलंय म्हटलं असतं, तर तुम्ही हत्यारं उचलून ठेवली असतीत.”

मालकांनी उघडा खण आत लोटला. त्यांना वाटत होतं आपलं गुपित आपल्यापाशी आहे. ते तिनं केव्हाच ओळखलं होतं आणि त्या गुपितावर पांघरूण घालायला स्वतःचं दुखणं खणात कोंडून ठेवलं होतं. मी कितीतरी पृष्ठभागांवर टेकलो आहे, पण त्या सकाळी त्या दोघांमध्ये जे होतं त्यावर टेकायची माझी छाती झाली नसती.

पडवीत येऊन त्यांनी आधी मला लाकडी पकडीवर फिरवलं, मग जुन्या पुट्टीवर. दोन्ही वाटा संगणकावर शेजारी शेजारी उमटल्या. प्रत्येक खाच अरुंद होती. मग ते भिंग घेऊन बसले आणि डबीतल्या एकेका कटरवरचा आकडा वाचू लागले, जन्मात पहिल्यांदा. ते बारीक कटर हाती आलं तेव्हा त्यांनी ते चिमटीत फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग भिंग खाली ठेवलं आणि दोन्ही तळवे मांडीवर उताणे टाकून बसून राहिले. मला त्या माणसाची फार कीव आली.

पण साचेवाल्यांची जात चिवट. त्यांनी बरोबर कटर लावलं, माझी तीच जुनी वाट घेतली आणि नवी पकड कोरली. या वेळी प्रत्येक खाच मला तपासायला लावली. पुट्टीत आणि लाकडात आता काडीचा फरक नव्हता. मी छातीठोकपणे सांगतो, तशी अचूक पकड महागड्या भावंडालाही जमली नसती.

बाईंनी ती हातात घेतली. बराच वेळ बोटं खाचांत बसवत राहिल्या. मधलं बोट बसलं तर अंगठा बाहेर राही, अंगठा बसला तर करंगळी सुटे.

“खरं सांग,” मालक म्हणाले.

“नाही बसत.” बाईंनी कात्री टेबलावर ठेवली. “पकड बरोबर आहे हो. हात बदललाय.”

गेल्या वर्षीच्या हाताचं ते माप होतं. मधल्या काळात त्या हाताला लहान कात्रीनं जाड कापड कापायला लावलं होतं, आणि बोटं वाकडी झाली होती. वरातीमागून घोडं म्हणतात, ते हेच.

“नवीन माप घेऊ,” मालक लगेच म्हणाले. त्यांनी पुट्टी मळली. मळताना बोटांना ती किती मऊ झाली हे कळेना, म्हणून मधूनमधून गालाला लावून पाहत होते, आता बायकोसमोर, काही न लपवता. गाल पांढरा झाला. बाईंनी तो पुसला नाही, नुसत्या बघत राहिल्या.

कात्री हातात आली. “घट्ट धर,” मालक म्हणाले.

बाईंनी जोर केला. मला त्यांच्या मनगटाची शीर दिसत होती. पुट्टी हळूहळू दगड झाली, प्लास्टिक काढलं, आणि मालकांनी मला यंत्रात बसवून वाट सुरू केली. मी खाली गेलो, टेकलो, वर आलो. पुढे. पुन्हा खाली. ओळखीची अंगठ्याची जागा मी शोधत होतो. तिथे काही नव्हतं. तीन बोटांचे तीन उथळ वण होते, लेकरानं पिठाच्या गोळ्यावर बोट ठेवावं तेवढेच. करंगळीचा तर मागमूस नव्हता. सगळीकडे सपाट, सगळीकडे तीच उंची. संगणकावर रेघ सरळ चालली होती.

मालकांनी थोडा वेळ ती पाहिली आणि यंत्र बंद केलं. माझी ओळ अर्ध्यावर राहिली. ती अजून अर्ध्यावरच आहे.

बाईंनी कापणं सोडलं. शिलाईला येणाऱ्या दोघींपैकी थोरली आता तिच्या घरी कापते आणि गिऱ्हाइकं तिच्याकडे जातात. मोठं टेबल तिलाच देऊन टाकलं. ते दारातून आडवं करून नेताना बाई मागच्या पडवीत येऊन बसल्या होत्या. खिळ्यावरची कात्री मात्र दिली नाही. ती दुसऱ्या, अचूक पकडीसह अजून तिथे आहे. कुणाच्याच हातात बसत नाही.

मी डबीत असतो. माझी स्प्रिंग जरा सैल पडली आहे आणि लाल गोळ्यावर पुट्टीचा एक पांढरा ठिपका राहून गेला आहे. तुम्ही नव्यानं यंत्र घेतलं असेल तर माझ्यासारखा स्वस्तातला जरूर आणा, आम्ही वाईट नसतो. आम्हाला मधोमध करा. कटरवरचा आकडा वाचा, आणि बोटांवर विश्वास टाकण्याआधी बोटं अजून आपली आहेत का ते पाहा. कड कुठे आहे ते सांगताना मी चुकता चुकणार नाही. पण ज्याच्या हातासाठी वस्तू करता आहात त्याला काय होतंय, ते मला विचारू नका. ते त्यालाच विचारा, आणि त्यानं ‘अगदी’ म्हटलं तर पुन्हा एकदा विचारा.

कधीतरी दुपारी मालक मला बाहेर काढतात आणि तार जोडतात. काम काही नसतं. बोट लावतात, दाबतात, दिवा लागतो. आपण कशाला तरी टेकलो हे त्यांना दिव्यावरून कळतं. परवा बाई शेजारी बसल्या होत्या. मालकांनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला आणि त्यांचं वाकडं बोट हलकेच माझ्या गोळ्याला लावलं. मला ते बोट लगेच ओळखू आलं. दिवा लागला.

“दुखलं?” मालकांनी विचारलं.

“हो,” बाई म्हणाल्या.

मालकांनी मान हलवली. मग माझी तार काढली, आणि तो हात उचलून आपल्या गालाला लावून बसले.